रविवारी मॅच नसते

२८ नोव्हेंबर १९४७, शुक्रवार

शाळेच्या हजेरीपटात सरकारी फसली सनाची तारीख लिहावी लागते, म्हणून निदान या वहीत मी इंग्रजी लिहिते. निजामाच्या राज्यात माझं बंड एवढंच.

आज जुम्म्याची सुट्टी. आठवड्यातून एक दिवस उशिरा उठायला मिळतं, तेही गेलं. सात वाजताच बैठकीत रेडिओ खरखरायला लागला. हिंदुस्थानचा संघ ऑस्ट्रेलियात गेलाय, पाच टेस्ट मॅच आहेत म्हणे, त्यातली पहिली आजपासून. बॅटरीवरचा हा रेडिओ ह्यांनी मागच्याच महिन्यात आणला. कोर्ट सोडलेल्या वकिलाला रेडिओ कशाला लागतो, हे विचारायची सोय नाही. 'निजामाच्या कोर्टात पाय ठेवणार नाही' म्हणून ऑक्टोबरात सनद कपाटात टाकली, तेव्हा मला अभिमान वाटला होता. वाटलं, आता हा माणूस काहीतरी करणार. केलं ते हे. घर माझ्या मास्तरकीवर चाललंय आणि हे क्रिकेट ऐकतात.

सोबतीला मंडळीही जमली. हिमरू विणणारे नूरमोहम्मद, बद्रीनाथ शिंपी, कारभारी नावाचा ह्यांचा जुना मुन्शी आणि मागच्या गल्लीतला ड्रॉइंग मास्तर कडूबा, जो बोटं कधीच धूत नाही. हे सगळे वकिलीच्या खोलीत दार लोटून बसतात आणि रेडिओ बाहेर बैठकीत, तोही मोठ्यानं. मी म्हटलं, रेडिओ आत तरी घ्या. तर म्हणाले, "बॅटरी तापते, तिला हवा लागते."

आणि तिकडं माझा भाऊ. पुंजारामनं पंधरा ऑगस्टला बिडकीनच्या चावडीवर तिरंगा लावला. वॉरंट निघालं, तेव्हापासून बेपत्ता. अजून पंचविशी ओलांडलेली नाही. पोलिसांना सापडला तर तुरुंग; रझाकारांना सापडला तर तुरुंगही नाही. मी ह्यांना तीनदा सांगितलं, त्याचा तपास काढा. तीनदा एकच उत्तर, "बघू." आज या माणसाची मला किळस आली. वहीशिवाय हे कुठं लिहू?

३० नोव्हेंबर, रविवार

आज रेडिओवर मॅच नव्हतीच. आधी चर्चमधली गाणी झाली, मग एका पाद्र्याचं प्रवचन, मग परत गाणी. मी पुण्याला राहून मॅट्रिक झालेली. स्वयंपाकघरातून मला शब्द न् शब्द कळत होता. ही मंडळी मात्र दोन तास हलली नाहीत. कोणी उठून काटासुद्धा फिरवला नाही. मोरीत तंबाखूच्या पिचकाऱ्या तेवढ्या पडत होत्या.

चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवताना विचारलं, "काय चाललंय मॅचचं?"

बद्रीनाथनं डोकं बाहेर काढलं. "लई भारी चाललंय वहिनी. आपले लई हाणतेत."

पाद्री त्या वेळी हरवलेल्या मेंढराबद्दल सांगत होता.

मॅच कुठं गेली कुणास ठाऊक. दहाला मी शाळेत निघाले तरी ते तसेच बसलेले. माणसानं वेडं व्हावं, पण आपण कशासाठी वेडे झालो ते तरी ठाऊक असावं.

२ डिसेंबर, मंगळवार

हिंदुस्थानचा अख्खा संघ काल अठ्ठावन्न धावांत बाद झाला. अठ्ठावन्न! मला क्रिकेटचं प्रेम नाही, पण स्वतंत्र झालेल्या देशाची पहिलीच टीम, म्हणून भाजी चिरता चिरता माझंही तोंड कडू झालं. आणि आत काय, तर हसण्याचे फवारे. कारभारीनं मिठाई आणलेली. कडूबानं ट्रे घेताना मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला विंग्रजी समजतं ना? आपले गोल किती झाले?"

मी ट्रे जवळजवळ त्याच्या पायावर आपटला.

शाळेत वहिदानं वेगळीच बातमी सांगितली. वहिदा माझ्याच वर्गाशेजारी उर्दू शिकवते, तिचा भाऊ कय्युम पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार आहे. परवा करमाडजवळचा जकातनाका कोणीतरी जाळला, तारा तोडल्या. कय्युम दोन दिवस घरी आलेला नाही. म्हणजे जगात अशीही माणसं आहेत. माझ्या बैठकीत मात्र गोल मोजणारी बसलीत.

१३ डिसेंबर, शनिवार

दुसरी टेस्ट, दुसरा उच्छाद. आता एक पाचवा येतोय. हे म्हणतात, करमाडचा पक्षकार आहे, जमिनीचं भांडण आहे. कोर्ट सोडलेल्या वकिलाचा पक्षकार! पहाटे येतो, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, एक पाय ओढत चालतो. मी फक्त पाठ पाहिली. काल संध्याकाळी मी बैठक सारवली होती. आज तिच्यावर दारापासून खोलीपर्यंत चिखलाचे पाय. भेगाळलेल्या टाचांचे ठसे उमटलेले. नाकाला पदर लावून पुसून काढले. पुसताना तोंडानं काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सिडनीत पाऊस. मॅच बंद. निवेदक बिचारा तास तास छत्र्यांचं वर्णन करतोय. तरी हे आत बसलेलेच! उबग आला. आता मीही ठरवलंय, नवी चहापत्ती वापरायची नाही. सकाळची आमची पत्ती उकळून झाली की तीच परत उकळायची, गुळाचा एक खडा टाकायचा आणि पाठवायचं. प्या म्हणावं.

कपही कसे परत येतात! एका कपात भुईमुगाची टरफलं गच्च कोंबलेली. आमच्या पुंजारामची हीच खोड. लहानपणी आईनं किती वेळा पळीनं मारलं, पण टरफलं कपातच. सगळ्या पुरुषांची ही खोड असावी. फरक इतकाच, की तो आज उपाशी कुठंतरी फिरत असेल आणि हे माझ्या दारात शेंगा खातात. टरफलं काढताना रडू आलं, त्याचाही राग आला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी म्हणून बिडकीनला आईकडं जाऊन आले. मनकर्णाबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, निम्मं शरीर राहिलंय. दुसरं काही विचारत नाही. "थंडीत त्यानं काय पांघरलं असंल गं?" एवढंच, चारदा. तिनं त्याच्यासाठी धनगराकडून नवी घोंगडी करून घेतलीय, काळी, लाल काठाची. "तुज्या मालकाला दे. वकील माणूस हाय. त्यांच्या वळकी आसत्यात. पोचवतील."

मला तिला सांगवेना, की तुझ्या जावयाची ओळख आता फक्त रेडिओशी आहे. घोंगडी आणली आणि ह्यांच्या हातात दिली. "ठेवतो," म्हणाले. नजर वर केली नाही.

१ जानेवारी १९४८, गुरुवार

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हे लिहावं लागतंय.

तिसरी टेस्ट सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या कप्तानानं शतक ठोकलं. मंडळी सातला हजर. करमाडवालाही आला आणि मी खिडकीतून त्याची पाठ पाहिली. पाठीवर काळी घोंगडी. लाल काठाची.

माझ्या आईनं माझ्या भावासाठी केलेली घोंगडी या माणसानं त्या घाणेरड्या पक्षकाराला देऊन टाकली!

मंडळी गेल्यावर विचारलं. म्हणाले, "त्याला थंडी वाजत होती."

"आणि पुंजारामला?"

माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर जवळजवळ हसू आल्यासारखं झालं. लग्नाला नऊ वर्षं झाली, इतकी शिसारी कधी आली नव्हती. रात्री जेवायला वाढलं, पण समोर बसले नाही.

३ जानेवारी, शनिवार

मधल्या सुट्टीत वहिदाजवळ सगळं बाहेर पडलं. घोंगडीचं नाही सांगितलं, ते घरातलं आहे. बाकी सगळं सांगितलं. पिचकाऱ्या, गोल, पावसातली मॅच, आणि रविवारी पाद्र्याचं प्रवचन ऐकत 'लई हाणतेत' म्हणणारा बद्रीनाथ. वहिदाला हसून हसून ठसका लागला.

"अगं अम्मा! ये मर्दां! भाईजानको बताना पडेगा. वो तो क्रिकेट के दीवाने हैं, हर मॅच का हिसाब मुंहजबानी."

बोलल्यावर हलकं वाटलं. उद्या परत तेच आहे म्हणा. रविवार काय आणि सोमवार काय, यांना सारखंच.

४ जानेवारी, रविवार

राग अजून उतरलेला नाही.

सकाळी नऊ वाजता दारावर थाप. उघडलं तर अमीन कय्युम, मागं दोन जवान. वहिदाचा भाऊ म्हणून ओळखीचा, पण वर्दीत असा दारात कधी आला नव्हता. बैठकीत रेडिओ मोठ्यानं सुरू. चर्चमधली गाणी. आतलं दार लोटलेलं.

"सलाम, द्वारकाबाई. वकीलसाब हैं? सुना, रोज लोगां जमा होते इधर."

"मॅच ऐकतात," मी म्हटलं.

त्यानं कान देऊन गाणं ऐकलं. "बाई, आज इतवार है. गोरे लोगां इतवार को टेस्ट नै खेलते. आराम का दिन रहता उनका. आज मॅच किधर की?"

आमच्याकडं सुट्टी जुम्म्याची. शाळा, कोर्ट, कचेरी सगळं शुक्रवारी बंद. रविवारी तिकडं खेळ बंद असेल, हे या घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. म्हणजे त्या नोव्हेंबरातल्या रविवारीही मॅच नव्हती. म्हणजे सव्वा महिना ही माणसं काय चाललंय हे न ऐकता, न कळता माझ्या घरात नुसती चहा ढोसत, थुंकत, लोळत पडलीत. आणि माझा भाऊ रानोमाळ. डोक्यात तिडीक गेली. पुढचं सगळं मी मोठ्यानं बोलले, गल्लीनं ऐकलं असेल.

"मॅच नाही? ऐकलंत का हो! बाहेर या! अमीनसाहेब, यांना रविवार कळत नाही, मॅच कळत नाही. गोल किती झाले विचारतात मला! हिंदुस्थान अठ्ठावन्नात आटोपला तर मिठाई वाटली यांनी. पाऊस पडला तर पाऊस ऐकला. न्या यांना. तुमचे हात जोडते, सगळ्यांना घेऊन जा. त्या रेडिओसकट न्या!"

आणि मीच जाऊन वकिलीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. चौघं दगडासारखे बसलेले. हे उभे, तोंड पांढरंफटक. कय्युम उंबऱ्यात आला आणि हसायला लागला. पोट धरून हसला. जवानही हसले.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "पाचवा. करमाडचा. बाईमाणसाला बघून लपला असेल त्या पुस्तकांच्या कपाटामागं. आधी त्याला न्या. माझ्या आईनं माझ्या भावासाठी केलेली घोंगडी पांघरून बसलाय तो!"

कय्युम हसायचा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कपाटाकडं पाहिलं. कपाटाखालून लाल काठ थोडा बाहेर आला होता, मलाही दिसला. मग तो वळला आणि परत हसला, पण आता जवानांकडं बघून, मघापेक्षा मोठ्यानं.

"चलो रे, चलो. इधर कुछ नै है. मियाँ-बीवी का झगडा है, अपन बीच में नक्को. वकीलसाब, तुम्हारी सजा तो घर में च है."

गेले. बरोबर कोणालाही नेलं नाही. पोलिसांचाही काही उपयोग नाही.

मी पिशवी उचलली आणि तडक शाळेत गेले. कोणाचं तोंड पाहावंसं वाटेना.

५ जानेवारी, सोमवार

कोणी आलं नाही. रेडिओ बंद. मॅच आज खरंच होती. वहिदा म्हणाली, हरलो, दोनशे तेहेतीस धावांनी. ती आणखी म्हणाली, "भाईजानने बोला, बाई को बोल, अब इतवार को रेडिओ नक्को लगाओ. दो बार बोला." चिडवतोय मेला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवावीशी वाटते. काल शाळेतून आले तर मोरीत सगळे कप घासून पालथे घातलेले. ह्यांनी घासले. नऊ वर्षांत पाण्याचा तांब्या कधी स्वतः भरून घेतला नव्हता. मग मी पोळ्या लाटत होते तेवढा वेळ हे दाराशी नुसते उभे राहिले.

११ जानेवारी, रविवार

नूरमोहम्मद मनमाडहून सूत घेऊन आले. सुताच्या लडीत एक चिठ्ठी. अक्षर पाहिलं आणि मी पाटावर बसले ती उठलेच नाही.

"आक्का, मी हद्दीच्या पल्याड पोचलो. मनमाडच्या छावणीत हाय. पायाची जखम भरत आली. नाका जाळला तवा लागलं होतं, दाजींनीच पट्टी केली. लई सांभाळलं त्यांनी. त्या दिवशी तू 'आधी त्याला न्या' म्हणालीस तवा मी कपाटामागं श्वास धरून हुतो. भ्या वाटलं आन् हसूबी आलं. घोंगडी ऊबदार हाय, आईला सांग. चहा मात्र लई पातळ करतेस आता. तुजा पुंजाराम."

मी पाच वेळा वाचली. मग ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, द्वारका. तुला माहीत असतं तर त्या दिवशी तुला तसं बोलता आलं असतं का? तुझा राग खरा होता म्हणून तो अमीन फसला. वाचवलंस तू त्याला."

वाचवलं म्हणे. माझ्या भावाला माझ्याच तोंडानं पकडून द्यायला निघाले होते मी. आणि यांनी माझा तिटकारा दाराला पडदा लावावा तसा लावून ठेवला. पाच पुरुषांना कळलं ते एका बाईला सांगायचं नाही, तिनं फक्त चहा करायचा आणि चिडायचं. ह्यांचे पाय धरावेत असंही वाटलं आणि तोंड बघू नये असंही. दोन्ही खरं आहे. आईला कळवायला उद्याच माणूस पाठवणार आहेत. पाच महिने तीही रडत होती, तिलाही नाही सांगितलं.

सगळ्यांत किळस माझी मला येतेय. माझ्या भावाची जखमी पावलं मी नाकाला पदर लावून पुसली. दाराच्या अलीकडं मी आणि पलीकडं तो, कितीतरी सकाळी, आणि मी त्याला उकळलेलीच पत्ती परत उकळून पाठवली.

हे परत परत म्हणतात, अमीन मूर्ख निघाला. मूर्ख कसला! कपाटाखालचा लाल काठ त्यानं पाहिला होता. 'दो बार बोला' हे वहिदानं का सांगितलं, ते मला आज कळलं. ह्यांना मी ते सांगणार नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं ना, मग बघूदेत दिसतंय का.

चौथी टेस्ट तेवीस तारखेला. मंडळींना निरोप धाडलाय. शुक्रवारी या, शनिवारी या. रविवारी कोणी फिरकायचं नाही. आणि रेडिओपाशी मी बसणार. कोणी विचारलंच तर या घरात एकाला तरी स्कोअर ठाऊक असायला हवा. कडूबानं हात धुऊन यायचं, हेही कळवलंय.

दुपारी वकिलीची खोली झाडायला घेतली. ह्यांनी त्या दिवशी सगळे कप घासले म्हणून मी लिहिलं होतं, ते चूक. कपाटामागं एक राहिला होता. तळाशी चहा वाळून गेलेला, त्यावर टरफलं गच्च कोंबलेली. मोरीपर्यंत नेला, राख हातात घेतली, आणि तसाच परत आणून फळीवर ठेवला.